रबरी बाहुल्या आणि गुंडी

त्या कॉलेजात बालसंगोपनाचा वर्ग आणि वेल्डिंगचं वर्कशॉप यांच्यामध्ये फक्त एक भिंत होती. ज्याने कोणी ही आखणी केली, त्याला बहुधा मुलं सांभाळायची नव्हती आणि लोखंडही जोडायचं नव्हतं. भिंतीच्या अलीकडे बाई हळू आवाजात सांगत, "बाळाच्या आसपास शांतता हवी," आणि नेमका तेव्हाच पलीकडे हातोडा पडे. धाण्! वर्ग खुसखुसायचा. बाई मात्र हसत नसत. पुढचं वाक्य त्या आणखी हळू आवाजात म्हणत.

कॉलेज म्हणजे काही मोठं प्रस्थ नव्हतं. वस्तीतल्या लोकांसाठी वस्तीतच काढलेलं कम्युनिटी कॉलेज. कोणाची शाळा मध्येच सुटलेली, कोणाचा कारखाना बंद पडलेला, कोणाला संसाराच्या धबडग्यातून आत्ता कुठे उसंत मिळालेली. नळजोडणी, वायरिंग, शिवण, हिशेब असं काहीबाही शिकायला ही मंडळी यायची. सकाळचं काम उरकून यायची, नाहीतर इथून सुटून कामाला पळायची. वर्गात डुलक्या काढणाऱ्यांवर तिथे फारसं कोणी रागावत नसे.

बाईंना पाठीमागे सगळे 'तक्तेबाई' म्हणत. कारण उघड होतं. त्यांच्या वर्गाच्या चारही भिंती तक्त्यांनी भरल्या होत्या. झोपेचा तक्ता, दुधाचा तक्ता, आंघोळीचा तक्ता आणि खिडकीशेजारी, बाईंचा सर्वांत लाडका, रडण्याचा तक्ता. मूल रडलं तर आधी काय बघायचं, मग काय बघायचं, असं वरून खाली बाणांनी दाखवलेलं. सगळे तक्ते बाईंनी स्वतः, सुंदर अक्षरात काढलेले होते. बाईंनी लग्न केलं नव्हतं. भाचरं होती, पण ती परगावी. भेटायला येत ती नवे कपडे घालून, शहाण्यासारखी वागत आणि संध्याकाळी परत जात. वर्गात सरावाला रबरी बाहुल्या होत्या. त्या आंघोळ घालताना हसत, भरवताना हसत, उलट्या धरल्या तरी हसतच. त्यामुळे इतक्या वर्षांत बाईंचा एकही तक्ता कधी चुकला नव्हता.

एका दुपारी बाई कपाटाची किल्ली आणायला ऑफिसकडे निघाल्या, तेव्हा वर्कशॉपच्या बाहेरच्या पायरीवर त्यांना एक तरुण बाई बसलेली दिसली. अंगात वर्कशॉपचा जाड खाकी कोट, मांडीवर दीडेक वर्षाची मुलगी. एका हाताने मुलीला घट्ट धरलेलं, दुसऱ्या हाताने ती वहीत काहीतरी लिहीत होती आणि मान उंचावून खिडकीतून आत बघत होती.

"अगं, मुलीला घेऊन इथे काय करतेस?" बाईंनी विचारलं.

"तास ऐकतेय, बाई."

"पायरीवर बसून?"

"आत ठिणग्या उडतात. हिला कशी नेऊ?"

तास मात्र पायरीवर ऐकू येत होता, यात शंका नव्हती. वेल्डिंगच्या सरांचे कान इतक्या वर्षांच्या ठोकाठोकीने गेले होते, त्यामुळे ते साधं "बसा" म्हणाले तरी रस्त्यावरचा माणूस दचकायचा. त्यांनी बाईंना खिडकीतून पाहिलं आणि ते तिथूनच ओरडले, "मूल आत आणू नये असा नियम आहे, बाई! माझा आवाज बाहेर जाऊ नये असा नियम नाही! म्हणून खिडकी उघडी ठेवलीय!"

हळूहळू बाईंना सगळं कळलं. नवरा परमुलखात कामाला गेला तो तिकडचाच झाला. सकाळी ती एका लॉन्ड्रीत इस्त्री करायची. मुलगी तिथेच कपड्यांच्या गाठोड्यांमध्ये खेळायची, मालक काही बोलायचा नाही. दुपारी शेजारच्या मावशी सांभाळायच्या, म्हणून तर तिने कॉलेजात नाव घातलं होतं. पण मावशींच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, आणि लेक त्यांना आपल्या घरी घेऊन गेली. तेव्हापासून ही पायरीवर.

"अगं, पण नुसतं ऐकून वेल्डिंग येतं होय?"

"नाही येत," ती म्हणाली. "पण घरी बसून तर ऐकायलाही मिळत नाही ना."

बाई खाली वाकल्या. त्यांनी मुलीकडे पाहिलं. मुलीनेही त्यांच्याकडे पाहिलं, अगदी रोखून, एखाद्या परीक्षकाने पाहावं तसं.

"हिचं नाव काय?"

"घरी गुंडी म्हणतो. झाली तेव्हा एवढीशी होती, शर्टाच्या गुंडीसारखी."

"आण इकडे," बाई म्हणाल्या. "एक तास. फक्त आजच्या दिवस हं."

गुंडी हे गुंड या शब्दाचं स्त्रीलिंग आहे, हे वर्गाला त्याच तासाला समजलं.

बाईंनी तिला वर्गाच्या मधोमध उभं केलं आणि गंभीरपणे म्हणाल्या, "आज आपल्याकडे प्रत्यक्ष मूल आहे. निरीक्षण करा." वर्ग निरीक्षण करू लागला. गुंडी दुडुदुडु टबाकडे गेली. तिने एका बाहुलीचं डोकं पिरगाळून उपटलं, ते पाण्यात बुडवलं आणि पुन्हा धडाला जोडून बघितलं. ते बसेना, तेव्हा तिने ते लंबूने काढून ठेवलेल्या बुटात टाकून दिलं. लंबू हा त्या वर्गातला एकुलता एक मुलगा. बहिणीबरोबर पाळणाघर काढायचं त्याच्या डोक्यात होतं. उंची एवढी, की बाहुलीला आंघोळ घालताना त्याला गुडघ्यांवर बसावं लागे. तो बुटातून ते डोकं बाहेर ओढत होता, तेवढ्यात वर्गाने सराव म्हणून शिजवलेलं गाजराचं सूप गुंडीने स्वतःच्या डोक्यावर ओतून घेतलं. नशीब, सूप निवलेलं होतं.

मग झोपेची वेळ झाली. निदान तक्त्याप्रमाणे तरी झाली. बाईंनी पडदे ओढले, सगळ्यांना गप्प केलं, मंद आवाजात अंगाई सुरू केली. गुंडी अंधारात टक्क जागी. तिने टाळ्या वाजवल्या. मग ती रडायला लागली. वर्गातली चष्मेवाली घाईघाईने रडण्याच्या तक्त्याशी जाऊन वाचू लागली, "भूक? नाही. ओलं? नाही. पोट दुखतंय? बाई, शेवटचा बाणसुद्धा संपला! आता काय करायचं?"

बाई तक्ता पुन्हा वरपासून वाचू लागल्या. आणि त्याच वेळी पलीकडे कोणीतरी ग्राइंडर सुरू केला. घर्रर्रर्र! भिंत थरथरली, तक्ते हलले. गुंडीचं रडणं तिथल्या तिथे थांबलं. ती होती त्याच जागी आडवी झाली, अंगठा तोंडात घातला आणि बघता बघता गाढ झोपली.

वर्गाने तोंडात बोटं घातली. तास संपल्यावर आई धावत आली, तिला सांगितलं, तर ती संकोचून हसली. "आमची खोली गॅरेजच्या मागे आहे, बाई. दिवसभर पत्रे ठोकत असतात. शांत झालं की हिला वाटतं काहीतरी बिघडलंय."

'फक्त आजच्या दिवस' म्हणालेल्या बाई दुसऱ्या दिवशी दुपारी आपणहून पायरीपाशी जाऊन उभ्या राहिल्या. आणि तिसऱ्या दिवशी तर त्या चक्क वर्कशॉपमध्ये शिरल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. सरांनी हातातलं काम टाकलं. बाई आल्यात म्हणजे तक्रार घेऊनच, असं ते धरून चालले.

"ग्राइंडरचा त्रास होतो ना? मला माहीत आहे! बघतो काहीतरी—"

"त्रास नाही होत. तो रोज जेवणानंतर लगेच चालवत जा, एवढंच सांगायला आले."

सरांनी कानामागे हात धरला. "परत सांगा! मला उलटंच ऐकू आलं!"

"ग्राइंडर! रोज! जेवणानंतर!" बाई ओरडल्या. बाईंना ओरडताना कॉलेजने तोपर्यंत कधी ऐकलं नव्हतं. वर्कशॉपमधल्या पोरांनी तोंडावरचे मास्क वर केले आणि ती बघतच राहिली.

असा गुंडीचा मुक्काम त्या वर्गात पडला आणि तिची आई पायरीवरून उठून आत, तिच्या जागेवर गेली. तिचा हात चांगला होता. घाई नव्हती त्यात. सर म्हणायचे, "इस्त्री करणारीचा हात आहे, सरळच जातो!" आणि ते खरं होतं की नाही कोण जाणे, पण ते ऐकून तिला बळ यायचं.

बाईंचं लक्ष गुंडीबरोबर आता तिच्या आईकडेही जाऊ लागलं. दुपारच्या सुट्टीत बाकीची मंडळी डबे उघडायची, तेव्हा ही पाणी पिऊन येते आणि "भूक नाही" म्हणते, हे बाईंनी टिपलं. नुसतं "जेव" म्हटलं असतं, तर ती जेवली नसती. तसली नव्हती ती. म्हणून बाईंनी एक शक्कल लढवली. वर्गात रोज मुलांसाठी मऊ, पौष्टिक काहीतरी शिजवायचा सराव असायचाच. बाईंनी जाहीर केलं की यापुढे पदार्थाला गुण देताना बाहेरच्या माणसाचं मत घ्यायचं.

"मी? मला काय कळतं त्यातलं?" ती म्हणाली.

"तू गुंडीची आई. गुंडी खाणार की फेकणार, ते तुझ्याशिवाय कोण सांगेल? वाटीभर खाल्ल्याशिवाय मात्र नीट मत देता येत नाही हं."

ती बाईंकडे पाहत राहिली. तिला सगळं समजलं होतं. बाईंनाही कळलं की तिला समजलंय. दोघींनी तसं दाखवलं नाही. तिने वाटीभर सूप संपवलं आणि गंभीर चेहऱ्याने म्हणाली, "मीठ कमी आहे. पाचापैकी तीन." लंबूने ते सूप केलं होतं. त्याचं तोंड एवढंसं झालं. दुसऱ्या दिवसापासून त्याने असा काही हात सुधारला की शेजारचे वायरिंगवालेही मत द्यायला येऊ लागले.

एवढा गाजावाजा झाल्यावर प्राचार्यांच्या कानावर जायचं राहील कसं? प्राचार्य मनाने चांगले, पण भित्रे. टेबलावरचा फोन वाजला तरी ते आधी देवाचं नाव घेत. एक दिवस ते वर्गाच्या दारात येऊन उभे राहिले आणि गुंडीने सुपाने माखलेल्या हातांनी त्यांचा पाय घट्ट मिठीत घेतला.

"बाई, हे काय आहे?"

"मूल आहे, सर."

"ते दिसतंय मला. पण हे कोणत्या सदरात बसवायचं?"

"शैक्षणिक साहित्य," बाई शांतपणे म्हणाल्या. "आपली एक बाहुली मोडली. तिच्याऐवजी."

"अहो, असलं साहित्य कुठे चालतं का?"

"चालतं ना. मागच्या आठवड्यापासून तर पळतंसुद्धा."

मागे कोणीतरी फिस्सकन हसलं. प्राचार्य हसले नाहीत. ते खरंच काळजीत होते. "उद्या हिला काही लागलं-खुपलं तर? जबाबदारी कोणाची?"

"माझी. आणि हे सगळे शिकतायत तरी कशासाठी? मुलांची जबाबदारी घ्यायलाच ना?"

प्राचार्यांनी पायाकडे पाहिलं. गुंडी वर बघून इवले दात दाखवत हसली. त्यांनी रुमाल काढला, आधी तिचे हात पुसले, मग स्वतःची पँट. "मी इकडे आलोच नव्हतो," ते म्हणाले आणि आले तसे निघून गेले. दुसऱ्या दिवशी मात्र शिपायाने वर्गाच्या दाराला खालच्या बाजूने एक आडवी फळी ठोकून दिली, गुंडीने बाहेर पळू नये म्हणून. कोणी सांगितलं म्हणून विचारलं, तर म्हणाला, "कोणी नाही. वरून आलं."

सगळं असं सुरळीत चाललं होतं आणि मग एक दिवस गुंडी आली नाही. तिची आईही नाही. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशी नाही. फोन लागेना. सरांनी जेवणानंतर सवयीने ग्राइंडर लावला. भिंतीच्या अलीकडे झोपवायला कोणीच नव्हतं. चष्मेवालीने बाहुलीला आंघोळ घालायला घेतली. बाहुली हसत राहिली. "बाई, हिच्यात काही राम नाही हो," चष्मेवाली म्हणाली आणि तिने बाहुली टबाच्या काठावर ठेवून दिली.

लॉन्ड्रीच्या मालकाकडून कळलं की गॅरेजवाल्याला जागा वाढवायची होती, म्हणून मागची खोली रिकामी करावी लागली. ती भावाकडे राहायला गेली, शहराच्या पार दुसऱ्या टोकाला.

"चला!" सर ओरडले आणि त्यांनी स्कूटरला लाथ मारली.

बाई स्कूटरवर कधी बसल्या नव्हत्या. त्यांनी डोळे मिटून घेतले आणि सरांचा कोट दोन्ही हातांनी धरला. वाटभर मनात भाषणाची जुळवाजुळव चालू होती. शिक्षणाचं महत्त्व, बाईने स्वतःच्या पायावर उभं राहणं, मुलीचं भवितव्य. भाषण झकास जमत होतं. मग सरांनी एका खड्ड्यातून स्कूटर घातली आणि ते सगळं विखरून गेलं.

भावाचं घर तिसऱ्या मजल्यावर. दोन खोल्या, पण लख्ख. भाऊ मालाची गाडी चालवायचा, नुकताच कामावरून येऊन बसला होता. वहिनीला दिवस गेलेले, पोट चांगलंच दिसत होतं. गुंडीने बाईंना पाहिलं आणि ती धावत येऊन त्यांच्या गुडघ्याला लटकली. तिची आई स्वयंपाकघराच्या दारात हात पुसत उभी राहिली. तिच्या चेहऱ्यावर आनंदही होता आणि चोरी पकडली गेल्यासारखा भावही.

"बसा ना," भाऊ म्हणाला. माणूस तुसडा नव्हता. "तुम्ही कशाला आलात ते कळतंय मला. पण आता तुम्हीच सांगा, कॉलेज इथून किती लांब! हिने दोन बस बदलायच्या, पोरीला घेऊन. पोरगी परक्यांच्या गळ्यात टाकायची. त्यापेक्षा इथे राहावं, घरात मदत करावी. मी काय ही जड झालीय म्हणणार आहे?"

"तसं कोण म्हणतंय!" सर म्हणाले. म्हणजे ओरडले. शेजारचं दार उघडून कोणीतरी भांडण लागलं की काय म्हणून डोकावून गेलं.

"दादा, हळू बोलता येत नाही त्यांना," बहिणीने घाईने सांगितलं. मग ती बाईंकडे वळली. "बाई, मी मुद्दामच कळवलं नाही. तुम्ही 'ये' म्हणाला असता, तर मला नाही म्हणता आलं नसतं. आणि तुम्ही सगळ्यांनी आधीच किती केलंत. दुसऱ्यांना किती दिवस त्रास द्यायचा?"

बाईंनी तोंड उघडलं. भाषणातलं एक अक्षर आठवेना. मग जे खरं होतं तेच तोंडातून बाहेर पडलं.

"अगं, मी तुला समजवायला आलेच नाही. मीच अडचणीत आहे म्हणून आले. प्रात्यक्षिक परीक्षा आलीय, बाहेरचे परीक्षक येणार. आणि माझी मुलं बाहुल्या सांभाळायच्या विसरून गेलीत. काल लंबू बाहुलीला भरवत होता, तर दर घासाला मान मागे घेत होता. का, तर लाथ बसेल म्हणून! बाहुलीची!"

पहिल्यांदा हसली ती वहिनी. पोट धरून हसली. मग बहीण हसली, मग कशाला हसतायत ते न कळून गुंडी हसली.

"गुंडी नसेल तर माझा वर्ग नापास होईल," बाई म्हणाल्या. "त्रास कसला? उलट मीच तुझ्याकडे मागायला आलेय."

बहिणीने भावाकडे पाहिलं. भाऊ दाढी खाजवत बसला. "ते ठीक आहे हो. पण हिला घरात एकटीला ठेवून..." त्याने बायकोकडे मान वळवली.

"मी घरात कशाला राहतेय?" वहिनी म्हणाली. "मी पण जाईन की. अहो, आपल्याकडे बाळ येणार आणि मला त्याला धरायचं कसं ते माहीत नाही. आईला विचारावं तर ती नाही, सासूबाई फोनवरून सांगतात त्यातलं निम्मं मला कळत नाही. रात्री झोप लागत नाही मला त्या भीतीने. तुम्हाला बोलले नाही एवढंच." ती बाईंकडे वळली. "मला बसू देतील का वर्गात? मी मागे बसेन, काही बोलणार नाही."

"पुढे बस," बाई म्हणाल्या. "आणि भरपूर बोल."

भाऊ चमकला. बायकोला भीती वाटते हे त्याला आत्ता कळत होतं, आणि तेही दोन पाहुण्यांसमोर. त्याने पाण्याचा पेला बायकोपुढे सरकवला. मग म्हणाला, "बसने नको. दुपारची माझी फेरी त्याच बाजूला असते. मी सोडत जाईन दोघींना." आणि गुंडीकडे बघून, "तिघींना."

सरांना यातलं निम्मं ऐकूच आलं नव्हतं. पण चेहऱ्यांवरून त्यांनी ताडलं आणि भावाच्या पाठीवर अशी थाप मारली की तो खुर्चीतून पुढे आला.

पुढचे दिवस धावपळीचे गेले. बुडालेला सराव भरून काढायला सर गुंडीच्या आईला सगळ्यांच्या आधी वर्कशॉप उघडून द्यायचे आणि सगळ्यांच्या नंतर बंद करायचे. तिचे जोड पहिल्यांदा वाकडे यायला लागले, तेव्हा ती मास्क फेकून म्हणाली, "हात गेला माझा, सर!" सर म्हणाले, "हात कुठे जात नाही, मनगटालाच असतो! पुन्हा कर!" भिंतीच्या अलीकडे वहिनी पुढच्या बाकावर बसून प्रश्नांचा भडिमार करायची. बाळाला शिंक आली तर? एकाच कुशीवर झोपलं तर? उचकी थांबलीच नाही तर? त्यातल्या कित्येक प्रश्नांची उत्तरं कुठल्याच तक्त्यात नव्हती. बाई आता सरळ म्हणत, "माहीत नाही. शोधून सांगते." पहिल्यांदा असं म्हणाल्या तेव्हा वर्ग चपापला होता. नंतर नंतर वर्गाला त्याची सवय झाली, आणि बाईंनाही.

परीक्षा दोन्ही वर्गांची एकाच दिवशी आली. बालसंगोपनाच्या परीक्षक म्हणजे कडक इस्त्रीच्या कपड्यांतल्या, ओठ घट्ट मिटलेल्या बाई. त्यांनी बाहुली टेबलावर ठेवली आणि लंबूला म्हणाल्या, "हे मूल हट्टाने रडतंय असं समजा. काय कराल?"

समजायची गरजच पडली नाही. कोपऱ्यात चमच्याशी खेळणाऱ्या गुंडीकडून वहिनीने तोच चमचा काढून घेतला होता. गुंडीने असा काही भोंगा पसरला की परीक्षकांच्या हातातलं पेन खाली पडलं. अख्खा वर्ग एकदम उठून उभा राहिला.

"एक जण पुरे," परीक्षक म्हणाल्या.

लंबू पुढे झाला. तो तिच्याजवळ गेलाच नाही. वर्गाच्या मधोमध जमिनीवर बसला, आपल्या लांब तंगड्या दुमडून, आणि वाट्या एकावर एक रचू लागला. गुंडीकडे त्याने ढुंकूनही पाहिलं नाही. मनोऱ्याला त्याने मुद्दाम धक्का दिला. खळ्ळकन वाट्या पडल्या. "अरेरे," तो स्वतःशीच म्हणाला. रडणं जरा उतरलं. त्याने पुन्हा रचल्या. गुंडी हुंदके देत जवळ सरकली आणि शेवटची वाटी तिने ठेवली. मग पाडली. मग हसली, गालावरचं पाणी तसंच.

परीक्षकांनी भिंतीवरच्या तक्त्याकडे पाहिलं. "हे यात कुठे आहे?"

"अजून लिहायचं राहिलंय," तक्तेबाई म्हणाल्या.

परीक्षकांचे मिटलेले ओठ किंचित सुटले. "माझा थोरला असाच होता," एवढंच म्हणून त्यांनी काहीतरी लिहिलं आणि चष्मेवालीला पुढे बोलावलं.

तिकडची परीक्षा चालू होती तोवर बाईंना राहवेना. त्या हळूच बाहेर येऊन वर्कशॉपच्या खिडकीशी उभ्या राहिल्या. गुंडीच्या आईने जोडलेली पट्टी परीक्षकाने दाबयंत्रात धरली होती. जोड कच्चा असेल तर पट्टी वाकवताना तिथेच तुटते, एवढं बाईंना आता माहीत झालं होतं. परीक्षकाने दांडा खाली ओढला. पट्टी वाकू लागली. आणखी वाकली. ती कोपऱ्यात उभी होती, चामडी हातमोजे तसेच हातात, डोळे मिटलेले. पट्टी पार घोड्याच्या नालासारखी झाली. जोड जागचा हलला नाही.

"डोळे उघड!" सर ओरडले. ते अर्थातच वस्तीच्या टोकापर्यंत ऐकू गेलं.

बसची हाडं, म्हणजे आतले लोखंडी सांगाडे, बनवणाऱ्या एका कारखान्यात तिला काम मिळालं. पहिल्या दिवशी तिथल्या मुकादमाने तिला झाडू दिला. तिने झाडू बाजूला ठेवला, मास्क चढवला आणि विचारलं, "जोडायचं काय आहे?" हे तिने बाईंना हसत हसत सांगितलं, पण मास्कच्या आत डोळे घट्ट मिटले होते हेही सांगितलं. कारखान्याजवळच दोघी खोल्या बघताहेत, ती आणि वहिनी. भाऊ म्हणतो, सगळे मिळूनच जाऊ. वहिनीला मुलगा झाला. तो फार शांत आहे, म्हणून ती काळजीत आहे.

नवं सत्र सुरू झालं त्या सकाळी बाई वर्गात टब भरून ठेवत होत्या. दारातल्या फळीपलीकडे एक आडदांड, मिशाळ माणूस येऊन उभा राहिला. पाठीवर नळजोडणीच्या हत्यारांची पिशवी, आणि छातीशी टॉवेलात गुंडाळलेलं बाळ, इतकं जपून धरलेलं की त्याचे खांदे कानांपर्यंत आले होते.

"बाई," तो चाचरत म्हणाला, "इथे... म्हणजे मी असं ऐकलं की... हिची आई सकाळी हॉस्पिटलात कामाला असते आणि माझा पहिलाच तास..."

बाईंनी हात पुसले आणि पुढे केले. त्याने बाळ दिलं. देताना दोनदा परत घेतलं, मग दिलं. बाळाने बाईंकडे पाहिलं, तोंड वाकडं केलं आणि त्यांच्या खांद्यावर दूध ओकून टाकलं. वर्गातल्या नव्या मुली एकदम खुर्च्यांवरून उठल्या.

"अरे बापरे! माफ करा हो," तो माणूस लाल होऊन म्हणाला. तेवढ्यात घंटा झाली. तो एकदा घंटेकडे बघे, एकदा बाळाकडे. "माझा तास..."

"मग पळा की!" बाई म्हणाल्या.

आणि तो पळाला. पाठीवरची हत्यारं लांबपर्यंत खडखड वाजत गेली.